गाडी मी विकली, कमिशन मॅनेजरच्या भाच्याले

मंडळी, डोकं तापलं म्हणून लिहून राह्यली.

ब्रह्मपुरीची शाळेतली नोकरी सोडून मी चंद्रपूरच्या कार शोरूममध्ये लागली. पगार शाळेपेक्षा कमी, पण गाडीमागे कमिशन, असं सांगितलं होतं.

भामरागडच्या एका नर्सबाईले मी महिनाभर फोनवर सगळं समजावलं, लोनही करून दिलं. आज त्या गाडी न्यायला आल्या, तर कागदावर ही विक्री आमच्या मॅनेजरच्या भाच्याच्या नावावर! तोही इथंच गाड्या विकते.

"भाऊ, हे काऊन?" मी मॅनेजरले विचारलं.

"तू नवीन आहे. पोरीच्या जातीले कमिशन कायले पाहिजे?"

नर्सबाईंनी चावी टेबलावर परत ठेवली. "विक्री हिच्या नावावर करा, नाईतर मले गाडी नको."

मॅनेजरनं लगेच नाव बदललं.

पण माझ्याच कमाईसाठी गिऱ्हाईकाले भांडावं लागते का? सांगा, तुमच्या इथी असंच चालते का?