एका टाळीला एक तुकडा

अमडापुरात उद्धव सरांच्या हाताखालून गेलेला माणूस अवघड इंग्रजी शब्द दिसला की अजून टाळ्या वाजवतो. एका टाळीला शब्दाचा एक तुकडा, हा सरांचा खाक्या. 'ॲग्-रि-कल्-चर'ला चार टाळ्या, आणि जोर पहिलीवर. जोर चुकला की सर पट्टी उगारत, "अबे, बैल जुपता येते तुले, आन् शब्द कुठं दाबावा हे काऊन समजत नाही?" पट्टी कुणाला लागली मात्र नाही.

गेल्या पोळ्यानंतर सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या जिभा वळवणाऱ्याचीच जीभ देवानं बांधून टाकावी, याला न्याय म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. चिखलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जे शब्द आयुष्यभर तोंडात राहिले, ते आधी परत येतील." ते ऐकून सरांच्या बायकोनं, शकुंतलाबाईंनी, मनाशी एकच धरलं. ह्यांच्या तोंडून आपलं नाव निघालं पाहिजे.

रोज चहा पाजून झाला की त्या सरांच्या डाव्या तळहातावर टाळी देत. "म्हना, ॲग्..." कित्येक दिवस नुसती घरघर. मग एका सकाळी अडखळत, पण जोर बरोब्बर पहिल्या टाळीवर ठेवून, अख्खा 'ॲग्रिकल्चर' बाहेर पडला. शकुंतलाबाईंना रडू आवरेना. पुढे 'एज्युकेशन'ही आलं. पाणी मात्र सर अजून बोटानंच मागत.

"आता म्हना, श-कुं-त-ला." सर तोंडाकडे बघत राहिले. ओठ हलले, कपाळ घामेजलं, पण अक्षर फुटेना. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्यानंतरही तेच.

शेजारच्या सत्यभामाबाई ओट्यावर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अवो बाई, सरांनं कधी तुमचं नाव घेतलं व्हतं का? आपल्यात नवरा बायकोचं नाव घेते काय? आमचे तं 'ऐकलं का' म्हनता म्हनताच गेले."

शकुंतलाबाईंनी खूप आठवून पाहिलं. लग्नात घास भरवताना उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. नंतर 'अवं', नाहीतर 'श्रेयसची माय'. जिभेवर कधी बसलंच नाही, ते परत कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांचा हात घेतला आणि नाव सोडून दिलं. "म्हना, अवं..."

"अवं, ऐकलं का?" सर म्हणाले. टाळी न देता, एका दमात, अगदी पूर्वीसारखं.

या हाकेला शकुंतलाबाई उभा जन्म 'आली' म्हणत धावल्या होत्या. त्या दिवशी त्यांना ओ देववली नाही.