रुखवताला चार्ज लागेल

मला राग पटकन येतो. आमचे हे म्हणतात, दूधवाल्याची सायकल गल्लीच्या तोंडाशी दिसली की तुझ्या कपाळावर आठ्या पडतात. पडतात, मग? तो पाणी घालतो. पण लेकीच्या लग्नात त्या बड्या हॉटेलनं मला जो ताप दिला ना, त्यापुढे आमचा दूधवाला मला देवमाणूस वाटायला लागला.

हॉटेल छावणीच्या अंगाला, झाडीच्या रस्त्यावर. दारात कारंजं, आत संगमरवर, आणि गारवा असा की झाशीच्या उन्हाळ्यात शाल शोधावी. आम्ही प्रेमनगरातली रेल्वेची माणसं. आमच्याकडची लग्नं रेल्वेच्या हॉलमध्ये व्हायची, शेजारणी मिळून मसालेभात ढवळायच्या, आणि वऱ्हाड चार जणांच्या क्वार्टरांत वाटून झोपायचं. पण हे नुकतेच रिटायर झाले होते, लेक एकुलती एक आणि जावई पुण्याचा. "एकदा तरी थाटात होऊ दे," असं ह्यांनी डोक्यात घेतलं. मॅनेजर टाय लावलेला, बोलायला साखर. "सब इन्क्लूडेड है मैडम, आप तो बस मेहमान बनकर आइए." ह्या वाक्यावर आम्ही विश्वास ठेवला, तिथंच फसलो.

आता वन्संबद्दल सांगायला हवं, कारण ह्या सगळ्या गोंधळात माझा जीव अडकला होता तो त्यांच्यात. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. पुण्याकडे आता नणंदेला वन्सं कुणी म्हणत नाही म्हणे. आमच्या झाशीच्या जुन्या घरांतून अजून म्हणतात. सासरे फार लवकर गेले. वन्संनी शाळेत नोकरी धरली, भावांना शिकवलं, त्यांची लग्नं लावून दिली, आणि स्वतःचं राहून गेलं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, त्याही नाहीत. पण झाशीतल्या कुठल्याही मराठी घरात मुलीचं लग्न निघालं, की रुखवत वन्संचं. पलटणीतल्या सुभेदाराची मुलगी असो नाहीतर तिकीट बाबूची, बोलावणं यायचंच, आणि वन्सं साच्यांची पिशवी घेऊन निघायच्या.

आता तर सख्खी भाची. आणि नेमका पुण्याहून विहीणबाईंचा फोन आला, "रुखवत वगैरे काही करू नका हं, आमच्याकडे आता कुणी करत नाही. उगाच त्रास." मी हे वन्संना सांगितलं तेव्हा त्या नारळ खवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "करत नसतील. म्हणून बघणारही नाहीत का?" बोटं संधिवातानं वाकडी झालेली, डॉक्टरनं लाटणं धरू नका म्हणून सांगितलेलं. "हे शेवटचं गं. विहीणबाईंनी एकदा समोर उभं राहून नीट बघावं, एवढंच." मग शेवटचे काही आठवडे आमच्या घराला सारखा तुपाचा वास. चिरोटे, अनारसे, लाडू, कडबोळी, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, खोबऱ्याचं तुळशीवृंदावन. आणि सगळ्यांत वर कडी म्हणजे आगगाडी! नारळाच्या वड्यांचं इंजिन, करंज्यांचे डबे, कडबोळ्यांची चाकं, आणि सिग्नलला चक्क पोह्याचा पापड. रेल्वेवाल्यांच्या घरातली मुलगी चाललीय, कळू दे की त्यांना.

वऱ्हाड आदल्या संध्याकाळी आलं आणि 'सब इन्क्लूडेड'ची शिवण उसवायला लागली. नवऱ्या मुलाच्या आजोबांना प्यायला कोमट पाणी हवं होतं. तर आधी बाटलीतलं गार पाणी विकत घ्यायचं, आणि मग ते गरम करून द्यायचे वेगळे! चहा मागवला तर कपात गरम पाणी, त्यात दोऱ्याला बांधलेली पुडी, आणि शेजारी दुधाची भुकटी. आजोबांनी दोरा धरून पुडी वर उचलली, खाली सोडली, आणि मला म्हणाले, "सूनबाईंच्या आई, हे औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

आजोबांच्या धोतराला इस्त्री हवी होती. मी म्हटलं, इस्त्री द्या, मी फिरवते. नाही. इस्त्री मिळत नाही, कपडा द्यावा लागतो. दिला. त्यांच्या दरांच्या कार्डावर शर्ट होता, पँट होती, साडी होती, धोतर नव्हतंच. मग त्या शहाण्यांनी काय करावं? धोतर पडदा म्हणून लिहिलं! पडद्याचा दर सगळ्यांत जास्त. मी पावती घेऊन खाली गेले आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "बेटा, तुम्हारे यहाँ के पर्दे शादी में बैठते हैं क्या?" ती बिचारी गोड हसली आणि म्हणाली, "मैम, सिस्टम में यही आता है." सिस्टमपुढे काय डोकं फोडणार?

शेवटी मी घरून चहाचा मोठा थर्मास मागवला आणि पदराखाली धरून आत निघाले. दारावरच्या मिशीवाल्या शिपायानं अडवलं. "काए अम्मा जी, का है ईमें?" मी म्हटलं, "दवाई है." त्याला आल्याचा वास आला असणार, पण म्हातारा भला होता, त्यानं तोंड फिरवलं. त्या हॉटेलात चार्ज न लावता मला मिळालेली ही पहिलीच गोष्ट.

एवढ्यावर भागलं असतं तर मी रागावून, बडबडून मोकळी झाले असते. पण लग्नाच्या सकाळी आम्ही हॉलच्या तोंडाशी लांब टेबल टाकून रुखवत मांडायला घेतलं, आणि मॅनेजर आला.

"मैडम, बाहर का खाना अलाउड नहीं है."

"ये खाना नहीं है भैया, रुखवत है."

"लड्डू तो दिख रहे हैं मैडम."

"दिखने के लिए ही हैं. खाने के लिए नहीं हैं."

तो विचारात पडला. "मतलब, आज कोई नहीं खाएगा?"

"कोई हाथ भी नहीं लगाएगा!"

"फिर तो डेकोरेशन हुआ मैडम. डेकोरेशन हमारे वेंडर का ही होता है. बाहर के डेकोरेशन पर चार्ज लगेगा."

"तो फिर खाना ही समझ लो!"

"तो पर प्लेट लगेगा. कितने लोग खाएँगे?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. हिंदीत भांडून पाहिलं, मराठीत भांडून पाहिलं, शेवटी बुंदेलीतही दोन शब्द सुनावले, जे मी इथं लिहिणार नाही. तो मान डोलवत राहिला, आवाज चढवीना. मेला चिडला असता, तरी मला बरं वाटलं असतं! हे पाकीट काढत पुढे आले, "जाऊ दे, जे काय असेल ते लावा."

तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "नाही." त्यांनी करंज्यांचा एक डबा इंजिनापासून अलगद सोडवला आणि परत ताटात ठेवला. "दंड भरून माझे लाडू मांडायचे नाहीत. पोरीच्या लग्नात तमाशा नको. बांधा सगळं." आवाज साधाच होता त्यांचा. पण त्या वाकड्या बोटांनी एकेक चिरोटा परत कागदात गुंडाळायला लागल्या आणि मला भडभडून आलं. एवढे दिवस ही बाई उभ्यानं राबली, ते पुन्हा डब्यात भरून घरी न्यायला?

मी म्हटलं, "वन्सं, वरची खोली आपली आहे ना? भाडं भरलंय तिचं. तिथं मी लाडू मांडीन नाहीतर म्हैस बांधीन."

झालं. सगळा लवाजमा लिफ्टनं वर. पलंगावर घरची चादर अंथरली, कारण हॉटेलच्या चादरीला तुपाचा डाग पडला तर त्याचा चार्ज होता, कार्डावर छापलेला. पलंगावर फराळ, खिडकीत तुळशीवृंदावन, आणि आरशाच्या टेबलावर आगगाडी. आरशामुळे आमच्या डब्यांची गाडी एकदम दुप्पट लांब दिसायला लागली. वन्सं जरा हसल्या. म्हणाल्या, "हे फुकट मिळालं बघ."

मुहूर्त साधला, अक्षता पडल्या. वन्सं तेवढ्यापुरत्या खाली आल्या आणि लगेच वर जाऊन खोलीत बसल्या. मी येईल त्या पाहुण्याला जिन्याकडे ढकलत होते, "वर जाऊन या हं, रुखवत बघून या." पुण्याच्या पोरी गेल्या. "कित्ती क्यूट!" म्हणून मोबाईलवर फोटो काढले आणि वन्संना विचारून आल्या, की ही ट्रेन ऑनलाइन मिळते का. आमचीच लेक, नवी नवरी, "आत्या, मस्त बना है!" म्हणून मिठी मारून पळाली. तिला तेवढीच मराठी येते. पण जिनं बघावं म्हणून हा सगळा खटाटोप, त्या विहीणबाई काही वर येईनात. आधी विधी, मग आहेर, मग पंगत. आणि दुपारच्या गाडीनं वऱ्हाड परत जायचं होतं.

बाराच्या ठोक्याला वरच्या खोलीत फोन वाजला. मी नेमकी तिथंच होते. "मैम, चेक-आउट का टाइम हो गया है."

"दस मिनट."

दहा मिनिटं होतात न होतात तोच पुन्हा. मी म्हटलं, "बेटा, लड़की की बिदाई हो रही है यहाँ, कमरे की नहीं!" आणि फोन आपटला. वन्सं मांडीवर हात ठेवून खुर्चीत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "राहू दे गं. त्यांनी आधीच नको म्हटलं होतं. आपणच हट्ट केला."

हे ऐकल्यावर मात्र मी खाली गेले. विहीणबाई हॉलमध्ये चपला काढून, सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बसल्या होत्या. मुलीच्या आईनं विहिणीपुढं कसं बोलावं, काय बोलावं, सगळं विसरले. म्हटलं, "वर चला. पाच मिनिटं. माझ्यासाठी नको, आमच्या वन्संसाठी."

"अहो, मी नको म्हटलं होतं ना?" असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण उठल्या. चपला हातात घेऊनच लिफ्टमध्ये शिरल्या.

दारात उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. मला वाटलं, आता काहीतरी वरवरचं छान छान म्हणतील आणि वळतील. त्या आत गेल्या. आगगाडीपाशी वाकल्या. अनारशांवरची खसखस अगदी जवळून बघितली, आणि मान वर न करताच म्हणाल्या, "माझ्या आईनं केलं होतं माझं. मी तेव्हा धड बघितलंही नाही." मग वन्संकडे वळून त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या लग्नात हो? तुमच्या रुखवतात काय काय होतं?"

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी घाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण वन्संनी हातानं मला थांबवलं.

"माझं लग्न झालं नाही," त्या म्हणाल्या. "झालं असतं तर हेच असतं. हेच सगळं."

विहीणबाईंनी चपला खाली ठेवल्या, दुसरी खुर्ची ओढून वन्संच्या शेजारी लावली आणि बसल्या. "मग मला पहिल्यापासून सांगा," म्हणाल्या. "हे चिरोटे. ह्याला पाक कुठला?"

वन्संनी पदर सारखा केला आणि सांगायला सुरुवात केली. अशा सांगायला लागल्या, की माझ्या सगळ्या संसारात मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. मी धावत जाऊन उचलला आणि त्यांच्याकडे पाठ फिरवून, हळू आवाजात बोलले.

"मैम, अब तो लेट चेक-आउट का चार्ज लगेगा. आधे दिन का."

"लगा दो बेटा," मी म्हटलं. "पूरे दिन का लगा दो."