कोरडं टोपडं

ती हकीकत इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; त्यांतले बरेच आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे एक प्रकरण मात्र वेगळे राहिले.

निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून मी गुप्त पोलिसांच्या कादंबऱ्या वाचतो. त्यांतला खुनी लांबूनच ओळखू येतो. डोळे तांबारलेले, हसणे विचित्र, लहानपणी त्याने पाखरांच्या माना मुरगळलेल्या. असे काही आले की मी पुस्तक मिटतो आणि जामसरच्या बाजूचा तो पाडा डोळ्यांपुढे उभा राहतो. पाड्याचे किंवा कुणाचेही नाव मी सांगणार नाही. त्यांची लेकरेबाळे अजून तिथे नांदत आहेत.

मी तेव्हा जव्हार संस्थानात फौजदार होतो. भाताची कापणी संपत आली होती. ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना पोलीस पाटलाने पाठवलेला माणूस धापा टाकत आला.

"सायेब, भुताळी धरली. खळ्यात बांधून घातली. लोकं आईकत नाय."

मी हवालदाराला घेऊन निघालो. वाट संपली तिथे घोडी बांधली आणि उरलेला चढ पायी गेलो. खळ्यातल्या मधल्या खांबाला, मेढीला, एक म्हातारी बांधलेली होती. कपाळ फुटून रक्त वाळले होते. तिच्यासमोर सारा पाडा बसला होता. आदल्या दिवशी खालच्या डोहात दीड-दोन वर्षांचे एक पोर मेलेले सापडले होते. उन्हाळ्यात असेच एक गेले होते. भगताने दाणे टाकून, चेटूक करणारी हीच, असे म्हातारीचे नाव काढले होते.

"सोडा तिला," मी म्हणालो. "गुन्हेगार असली तर आता ती दरबारची कैदी."

मेलेल्या पोराचा बाप उठला. "तिनंच खाल्ला सायेब. दोन खाल्ले. तिसरा गेल्यावर येशाल काय?"

"तिसरा जाऊ नये म्हणूनच आलोय. सोडा."

हवालदाराने दोर कापला. म्हातारीला उभे केले तर तिला पाऊल टाकता येईना. तिचा खुबा कधीचा निखळलेला होता. अंगणापर्यंत जायलाही तिला काठी आणि भिंत दोन्ही लागत. मग मी डोहाची जागा पाहिली. वाट उभ्या उताराची, निसटत्या दगडांची. तिथे ती म्हातारी मोकळ्या हातांनीही उतरली नसती, मग पोर घेऊन कुठली उतरणार? पोरही आपले आपण तिथवर गेले नसते. ते नुकते भिंत धरून चालू लागले होते. म्हणजे कुणीतरी त्याला उचलून नेले होते.

त्या वाटेच्या दोन्ही अंगांना शेते होती आणि त्या सकाळी शेतांत माणसे होती. मी पंचांसमक्ष एकेकाला विचारले, "खाली कोण गेलं?"

सगळ्यांचे उत्तर एकच. "कोनी नाय गेला."

कुणी खोटे बोलत आहे असे मला वाटले नाही. खोटे बोलणाऱ्यांची उत्तरे एकसारखी आली की शिकवलेली वाटतात, ही तशी वाटत नव्हती. ही माणसे खरेच सांगत होती, आणि तरीही कुणीतरी गेले होते. लोक भुताळी का म्हणतात, ते मला त्या क्षणी समजले.

मग पोराच्या आईचा जबाब घेतला. ती मांडीवर एक लहान टोपडे घेऊन बसली होती आणि त्याच्या नाड्या बोटांना गुंडाळत होती.

"हे कुणाचं?"

"त्याचाच. काल सकाळी मीच बांधला व्हता."

"डोहात सापडला तेव्हा डोक्यावर होतं?"

"नाय. घरात व्हता. घडी केलेला."

टोपड्यावर भिजल्याचा डागसुद्धा नव्हता. "घरात कुणी आणलं?"

तिने बोट केले.

गर्दीच्या कडेला नऊ-दहा वर्षांची एक मुलगी उभी होती. शेजारच्या घरची. आयाबाया शेतावर गेल्या की पाड्यातली लहान पोरे अशाच मुलींच्या कमरेवर असत. मी आल्यापासून ती तिथेच होती. मी तिच्या अंगावरून दोनदा नजर फिरवली होती आणि मला ती दिसली नव्हती. शेतातल्या माणसांनाही ती अशीच दिसली नव्हती. पोर कमरेवर घेतलेली मुलगी म्हणजे 'कोनी नाय'.

आताही तिच्या कमरेवर एक पोर होते. तिचा धाकटा भाऊ.

मी सावकाश गेलो, ते पोर तिच्याकडून घेतले आणि तिच्या आईच्या हातात दिले. आई गोंधळून माझ्याकडे बघत राहिली.

मुलीला मी तिच्या बापाशेजारी बसवले. तिला धमकावावे लागले नाही. विचारले तेवढे तिने सांगितले, जसे कुणी पाण्याची वाट सांगावी.

"टोपडं का काढलंस?"

"भिजला असता."

"त्याला डोहात कशाला नेलंस?"

ती विचार करू लागली. खरोखर आठवत होती. मग म्हणाली, "कमर मोकळी झाली."

तिच्या बापाच्या तोंडून एक आवाज निघाला. तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

"तो परत येईल का?"

"नाय. मेला ना."

"म्हातारीला बांधलं, मारलं, ते पाहिलंस?"

"हां."

"मग बोलली का नाहीस?"

"मना कोनी नाय विचारला."

पंचांसमोर घटना करून दाखवायला सांगावे लागते. मी घोंगडीचे गाठोडे तिच्याकडे दिले. तिने ते कमरेवर नीट बसवले आणि उतरू लागली. मागे मी, हवालदार आणि पंच. वाटेत ती गाठोड्याला थोपटत होती. कुणी सांगितले नव्हते. काठावर पोचल्यावर वळून तिने मला विचारले, "सायेब, ठेवू काय?"

हवालदार दोन मुलांचा बाप होता. तो मागे फिरून वर निघून गेला.

मग तिने आपण होऊनच वरच्या झऱ्याकडे हात केला. "पैल्याला तिथं नेला व्हता. तिथं पाणी थोडा व्हता."

पहिल्याबद्दल मी अजून एक शब्दही विचारला नव्हता.

प्रकरण दरबारच्या न्यायाधीशांपुढे गेले. कायदा असा की सात वर्षांखालच्या मुलाला गुन्हा लागत नाही. सात ते बारापर्यंत, आपण काय करतो आहोत हे समजण्याइतकी बुद्धी त्याला आली होती का, हे पाहायचे. सरकारी बाजूने सांगितले गेले की टोपडे काढून ठेवले, घडी घातली, म्हणजे तिला सारे कळत होते. तिच्या बाजूने एका वकिलाने सांगितले की गुन्हा कळणारे माणूस पुरावा लपवते, ही तर तो घरी पोचवून आली. न्यायाधीशांनी माझे मत विचारले. मी म्हणालो, "मरण कळतं तिला. दुसऱ्याला दुखतं, ते कळतं की नाही, ते तीन वेळा बोलूनही मला कळलं नाही."

शिक्षा झाली नाही, पण तिला पाड्यावर परत पाठवले नाही. तुरुंगाच्या आवारात एका पहारेकऱ्याच्या बायकोच्या हवाली केले. त्या घरात लहान मूल नव्हते. तिने तिथे पाणी भरले, दळण दळले, ती मोठी झाली. मी दिसलो की हात जोडायची. तिच्याविरुद्ध एकही तक्रार आली नाही. ती सुधारली, की तिच्यात सुधारण्यासारखे काही नव्हतेच, हे ठरवता येत नाही, आणि तेच मला जास्त जड जाते. म्हातारीला तिची लेक मोखाड्याकडे, इंग्रजी हद्दीत घेऊन गेली. पाड्यावरून तिची क्षमा मागायला कुणी गेले नाही.

काही वर्षांनी दुसऱ्या तपासासाठी मी त्या बाजूला गेलो होतो. मळणी झाली होती आणि खळ्यात दुपारी कथा चालली होती. कथेकऱ्यापुढे काशाची थाळी होती; तिच्यावर मेणाने उभी केलेली काडी तो बोटांनी ओढायचा आणि थाळीतून एकसारखा गुंजणारा आवाज निघायचा. त्या सुरावर तो एका मुलीची कथा सांगत होता. ती अवसेला जन्मली, तोंडात दात घेऊन जन्मली. सुईणीचे बोट चावले. गोठ्यातली गाय दूध आटून मेली. तिने पोरे खाल्ली आणि डोह लाल झाला.

कथा संपल्यावर मी त्याला बाजूला घेतले. "त्या मुलीचा तपास मी केलाय. असं काही नव्हतं. चारचौघींसारखी मुलगी होती."

"ठाव हाय सायेब," तो म्हणाला. "पण दात नाय दिले, तर लोकं आपापल्या पोरींकडं बगतील."

आता पुस्तक मिटताना कादंबरीवाल्यांचा राग आला की त्याचे ते बोलणे आठवते. ते का तसे लिहितात, ते समजते. पण पोलिसाने ते वाचून तपासाला जाऊ नये. आम्हाला शोधायचा असतो तो माणूस दात घेऊन येत नाही. तो आपल्यासमोर उभा असतो आणि आपल्याला दिसत नाही.

परत फिरताना त्या मुलीची आई दिसली. बायकांमध्ये बसून तीही कथा ऐकत होती. बाकीच्या उठून गेल्या तरी ती बसूनच राहिली होती. मी जवळ गेलो. का विचारले, मला सांगता येत नाही.

"बाई, तुम्ही जन्म दिलात तिला. होते का दात?"

तिने वर पाहिले नाही. जमिनीवर सांडलेले भाताचे दाणे ती एकेक करून वेचत होती.

"व्हते सायेब," ती म्हणाली. "आता लोकं सांगतात, मंग व्हते."