एका दमात चार नावं

राहीबाईच्या डाळीत मीठ कमी असायचं. हे मी तिच्या तोंडावर सांगायचो आणि तीही तोंडावरच उत्तर द्यायची, "सावळारामभाऊ, मीठ ताटात हाय. हात हाय ना तुमाला?" मी मूळचा संगमनेरकडचा, भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारा जॉबर. दिवसभर धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात बिघडलेल्या लूमशी भांडायचं आणि दुपारी टेमघरला येऊन राहीबाईशी, असा त्या वर्षांतला माझा क्रम. बायको-पोरं गावाला होती. भांडायला कुणीतरी लागतंच.

राहीबाई भिशी चालवायची. लूमवर काम करणाऱ्या, घरापासून लांब राहणाऱ्या माणसांच्या खानावळीला भिवंडीत भिशी म्हणतात. हिची दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत आम्ही तीस-पस्तीस जण दोन पंगतींत मांडी घालून बसायचो. मागच्या खोलीत ती, दोन शेगड्या आणि तिची चार पोरं. थोरला प्रितेश तेरा वर्षांचा, मग मृणाली, मग आठ वर्षांचा धनेश आणि शेंडेफळ करिष्मा. नवरा केसरीनाथ टेम्पो चालवायचा. करिष्मा पोटात असताना भाडं घेऊन सुरतेला गेला तो परत आलाच नाही. त्यानं तिकडे दुसरं घर केलं, असं लोक म्हणायचे. राहीबाईला विचारलं तर एवढंच म्हणायची, "गेलाय भाड्याव." तिचा चेहरा बघून पुढचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बाई पहाटे उठून पाणी भरायची, कणीक मळायची आणि मळता मळता पोरांचे पाढे घ्यायची. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, सहीपुरतं नाव तेवढं गिरवलेलं. पण पोरगं पाढ्यात कुठं अडखळलं की लाटणं वर व्हायचं. "अडाकलास ना? म्हंजे चुकलास. परत बोल." आणि पोरगं खरंच तिथंच चुकलेलं असायचं. शाळेतल्या बाईंनाही हे जमलं नसेल, असं मी तिला एकदा म्हणालो, तर लाटणं माझ्याकडे वळलं.

तिच्या घराची मागची भिंत लूमच्या कारखान्याला लागून होती. त्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडायचंच. पाणी हवं असो, कोथिंबीर हवी असो, राहीबाई मागच्या खोलीतून एका दमात हाक मारायची, "प्रितेश-मृणाली-धनेश-करिष्मा!" जणू एकच लांबलचक नाव. चौघं चार दिशांनी विचारायची, "कोन?" आणि ती म्हणायची, "जो मोकला असंल तो!" मोकळा नेहमी धनेशच असायचा. प्रितेश बाजाराला गेलेला, मृणालीच्या हातात पोळपाट, करिष्माचा उपयोग शून्य. मग धनेश पाण्याचा जग दोन्ही हातांनी छातीशी धरून पंगतीत यायचा, आणि निम्मं पाणी आमच्या मांड्यांवर सांडायचा. आम्ही ओरडायचो, तो हसायचा.

दोन हजार चार साल असेल. फेब्रुवारीत राहीबाईला कावीळ झाली. डोळे हळद लावल्यासारखे, उभं राहवेना. शेजारच्या हबीबाआपांनी पदर खोचला आणि मृणालीला हाताशी घेऊन तीन आठवडे भिशी चालवली. जेवणाऱ्यांपैकी कुणी कुरकुर केली नाही. मीच केली, मीठ जास्त झालं म्हणून.

त्याच दिवसांत खारबावहून राहीबाईची थोरली बहीण आली. तिला सगळे ताई म्हणायचे आणि तिच्या नवऱ्याला दाजी. जमीन गोदामांना गेलेली, दुमजली घर झालेलं, आणि घरात मूल नाही. आजारी बाईच्या अंगावर चार पोरं नकोत म्हणून ताईनं "आठ दिवस नेते" असं सांगून धनेशला नेलं. त्यालाच का, तर थोरली दोघं कामाची होती आणि धाकटी आईला सोडेना. राहिला हा.

आठ दिवसांचा महिना झाला, महिन्याचे तीन झाले. ताईचा जीव गुंतला, तिला तरी काय बोलणार. मे महिन्यात तिनं निरोप धाडला की जूनपासून धनेशला तिकडच्याच शाळेत घालू, कायमचा राहू दे. सगळी म्हणायला लागली की पोरगं नशीबवान. मीही म्हणालो.

पण हाक तशीच चालू होती. राहीबाई "धनेश" म्हणून जायची आणि करिष्मा दाराकडे पळायची. दारात कुणी नाही म्हणून भोकाड पसरायची. हे रोज, आमच्या जेवणात. एक दिवस मी न राहवून शहाणपणा केला. म्हणालो, "राहीबाई, त्याचं नाव गाळा. पोरगी रोज रडते. जिभेला वळण लावलं की लागतं."

दुसऱ्या दिवसापासून "मृणाली" म्हणून झाल्यावर ती थांबायला लागली. श्वास घ्यायची, मग "करिष्मा". पंधरा दिवस रोज ती त्याच जागी अडखळली. मेअखेर अडखळायची थांबली, तेव्हा माझा सल्ला लागू पडला म्हणून मी खूश होतो. इतका मूर्ख मी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ताई यायची होती. जुन्या शाळेतून दाखला काढण्यासाठी अर्ज करायचा होता, त्यावर आईची सही लागणार होती. आदल्या दिवशी राहीबाईनं ताट पुढे ठेवता ठेवता मला सांगितलं, "सही करते उद्या. तिकडं त्याला दूध मिलतंय, सायकल हाय, शिकवनी हाय. मना ठेवावासा वाटतो म्हनून त्याचं नुसकान करू का?" तिचे डोळे कोरडे होते. मला ते बघवेना, मी ताटात बघितलं.

दुसऱ्या दिवशी पहिली पंगत बसलेली असताना दाजींची बोलेरो गाडी दारात थांबली. दाजी बाहेर बाजेवर टेकले. ताई धनेशला घेऊन आत आली. पोरगं भरलं होतं, केस चापून बसवलेले, पायांत नवे बूट. स्वतःच्याच घरात ते पाहुण्यासारखं दाराशी उभं राहिलं, माझ्या शेजारीच. नजर कोपऱ्यातल्या पाण्याच्या जगावर.

राहीबाईनं तव्यावरून मान वर करून त्याला एकदा डोळे भरून बघितलं आणि घाईनं खाली घातली. "बस ताई. पंगत उठली का सही करते." ताईनं अर्ज पिठाच्या डब्याखाली सरकवून ठेवला.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "मौसी, पानी!"

आणि नेमके त्याच क्षणी दिवे गेले. लोडशेडिंगची वेळ झाली होती. भिंतीपलीकडचे सगळे लूम एकदम बंद पडले. त्या शांततेत राहीबाईची हाक, खडखडाटाच्या मापानं मारलेली, घरभर गेली.

"प्रितेश-मृणाली-करिष्मा!"

सरळ. एका दमात. कुठंही न अडखळता.

"पानी" ऐकल्याबरोबर धनेश कधीच वाकला होता. जग उचलायला पुढे केलेले त्याचे हात तसेच राहिले. त्याचे ओठ हलले, तो मनातल्या मनात नावं मोजत होता. मग तो माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, "काका, माझं नाव काढलं?"

काढायला मीच लावलं होतं. मी ताट बाजूला सारलं.

तो बाहेर निघून गेला. रडला वगैरे नाही. नवे बूट वाजवत गाडीपाशी गेला आणि दाराच्या कडीला हात घातला.

त्यानं विचारलेलं सगळ्यांनीच ऐकलं होतं. राहीबाईनंही. तव्यावर चपाती धुरकटायला लागली तरी तिचा हात हलेना. मग ती उठली. पंगत बसलेली असताना राहीबाई उठलेली मी तोवर कधी बघितली नव्हती. पिठाच्या हातांनी, अनवाणी, आमच्या ताटांमधून वाट काढत ती दारात गेली. चौकट धरून तिनं दम घेतला.

"प्रितेश-मृणाली-धनेश-करिष्मा!"

आतून प्रितेशनं ओ दिली. मृणालीनं दिली. करिष्मानं सगळ्यांत मोठ्यानं दिली. बाहेरचा गप्प. मग मागे न वळताच त्यानं विचारलं, "कोन?"

"तू," राहीबाई म्हणाली. "तू ये, धनेश. मना तूच पायजेस."

तो वळला आणि पळत आला. तिच्या पोटाला जो बिलगला तो सुटेना, तिच्या हातांचं पीठ त्याच्या चापून बसवलेल्या केसांत गेलं. आता मात्र दोघंही रडत होती, आणि मागून करिष्मा, काही न समजता. मीही डोळे पुसले. ठसका लागला असं शेजारच्याला सांगितलं.

ताई उठली. तिनं पिठाच्या डब्याखालचा अर्ज काढला, चार घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवला. तिचंही घर आज परत रिकामं होणार होतं. "राहे," ती म्हणाली, "सुट्टीत तरी पाठव गो त्याला."

"चौघांना पाठवते," राहीबाई नाक पुसत म्हणाली. "मंग बग तुझ्या घराचं काय व्हतंय ते." बाजेवरचे दाजी हसले आणि ताईलाही हसू आलं. ती चौघं पुढे दर सुट्टीत खारबावला जात राहिली.

जाता जाता मी राहीबाईपाशी थांबून म्हणालो, "माझंच चुकलं." ती म्हणाली, "तुमचं काय चुकलं? जीभ माझी व्हती." आणि जेवण अर्धं टाकलं म्हणून मला परत ताटावर बसवलं.

तव्यावरची ती काळी चपाती माझ्याच वाट्याला आली. धनेश जग छातीशी धरून पंगतीत फिरत होता. माझ्या पेल्यात पाणी ओततानाच त्यानं ते माझ्या मांडीवर सांडलं, आणि डाळीकडे बघून विचारलं, "काका, मीठ देऊ?"

"नको," मी म्हणालो. "आज बरोबर आहे."

मीठ कमीच होतं.