हिरवी केलेली फाईल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, युनियनमधल्या सोबत्यांना नाही — आणि आप्पांना तर नाहीच.

आमच्या घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील शिरूरच्या आठवडे बाजारात ती वाटायचे. मी वाचायला शिकलो तो त्यांवरच. म्हणून लोक मला ताठ कण्याचा समजतात. मीही समजायचो.

दौंडजवळच्या एका दूध पावडरच्या कारखान्यात मी संगणक सांभाळतो. तिथलं एक सॉफ्टवेअर यंत्रांचं तापमान, दाब वाचत राहतं आणि रोज सकाळी एक फाईल काढतं. प्रत्येक पंप, प्रत्येक वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, आणि पुढे बिघाडाचा संशय किती, तो आकडा. आकडा मर्यादेपलीकडे गेला की ओळ लाल. मीटिंगला मॅनेजर एवढंच विचारतात, "आज लाल किती?" लाल जास्त, म्हणजे यंत्र वाईट नव्हे — माझं काम वाईट. आमच्याकडे असंच चालतं.

बाहेरचे पाहुणे प्लांट बघायला येणार, त्याच आठवड्यात वाफेचा एक वाल सलग तीन दिवस लाल आला. मी — कसं लिहू? — मर्यादा वाढवली. कुणालाही न विचारता. मग मागच्या तीन दिवसांच्या फाइली नव्या मर्यादेने पुन्हा काढल्या आणि जुन्यांच्या जागी ठेवल्या. सगळं हिरवं.

हा वाल ज्या मशीनवर होता, त्याचे ऑपरेटर आप्पा. केडगावहून रेल्वेने यायचे. दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "साहेब, वाल अडकतुय. हाताला कळतंय."

"आप्पा, फाईल हिरवी आहे."

"व्हय का? मग माझा हातच बिघडला म्हणायचा," ते हसले. मीही हसलो. हसलो मी.

त्याच दुपारी वाल उघडाच अडकला. आतलं दूध जळालं, लाइन बंद पडली. चौकशीत आप्पा म्हणाले, मी आधीच सांगितलं होतं. मला विचारलं — तसं काही होतं का? मी म्हणालो, "फाईलमध्ये काही दिसत नाही." शब्द खरे होते ना? आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्यांना काढलं.

आणि मग मी काय केलं? पत्रक लिहिलं. आप्पांवरच्या अन्यायाचं, मालकाविरुद्धचं, जळजळीत. गेटवर उभं राहून स्वतः वाटलं. सोबत्यांनी पाठ थोपटली. त्या वेळी बदलण्याआधी उतरवून ठेवलेल्या जुन्या, लाल ओळींच्या तीन फाइली माझ्या पेनड्राइव्हवर होत्या. पुसायचं धैर्य नव्हतं, दाखवायचंही नव्हतं. अजून आहेत.

गेल्या महिन्यात आप्पा केडगाव स्टेशनवर भेटले. खिशातून ते पत्रक काढलं, घड्यांवर विरलेलं. म्हणाले, "लई चांगलं लिव्हलंत. पोरीला पन वाचाया दिलं. म्हनलं बघ, एक मानूस तरी माझ्या बाजूनं हुता."

मी म्हणालो, "जपून ठेवा, आप्पा."

त्यांनी ते पुन्हा त्याच घड्यांवर दुमडलं, खिशात ठेवलं, आणि मला चहा पाजला. मी तो प्यालो.