पंच कार्ड आणि तीन पंच

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या कॉम्प्युटर शिक्षण केंद्रात कॉम्प्युटर नव्हता. हे विद्यार्थ्यांना ठाऊक होतं, त्यांच्या पालकांना ठाऊक होतं, समोरच्या पानवाल्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हाला हॉल देणाऱ्या तीन पंचांना. आणि ते सोमवारी कॉम्प्युटर बघायला येणार होते.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा कॉम्प्युटर खोलीएवढा असायचा आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांत एअर कंडिशनमध्ये राहायचा. त्याला आपलं बोलणं कळत नसे, अक्षरही कळत नसे. त्याला भोकं कळायची. लांबट पोस्टकार्डासारखं एक कार्ड, त्यावर ऐंशी उभी घरं. प्रत्येक घरात एक अक्षर किंवा एक आकडा, आणि तो कुठला हे भोकाच्या जागेवरून ठरायचं. ही भोकं पाडणं म्हणजे पंचिंग, आणि ते कार्ड म्हणजे पंच कार्ड. मी पुण्यात एका कारखान्यात हेच काम बघत होतो. गावी परतताना कंपनीनं मोडीत काढलेली हातानं चालवायची दोन पंचिंग मशिनं घेऊन आलो आणि वर्ग काढायचं ठरवलं.

जागेसाठी समाजाच्या ट्रस्टकडे अर्ज केला. अगदी प्रामाणिकपणे लिहिलं, 'पंच कार्ड प्रशिक्षणासाठी हॉल मिळावा.' आता, त्या ट्रस्टच्या कारभाऱ्यांना सगळे पंच म्हणत. तिघांनी अर्ज वाचला, एकमेकांकडे समाधानानं पाहिलं आणि हॉल पहिल्याच बैठकीत मंजूर केला. माणसं किती पुरोगामी आहेत, असं मला वाटलं. आठवड्यानं त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर पंचांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, आमची पंच कार्डं कधी मिळणार? फोटो द्यावा लागतो का?"

मी खुलासा करायला हवा होता. मी म्हणालो, "फोटो लागत नाही."

वर्ष बरं गेलं. मग मुख्य पंचांचा निरोप आला. चादरींच्या कारखान्याचे हे मालक; त्यांना अख्खी पेठ 'मालक'च म्हणायची. निरोप असा : 'सोमवारी येतो. कॉम्प्युटर दाखवा. नसेल तर पुढच्या महिन्यापासून हॉल लग्नाची भांडी ठेवायला द्यायचा आहे.'

माझं घर दीड खोलीचं, त्यात आम्ही सहा माणसं. मशिनं तिथं न्यायची तर दोन माणसं बाहेर काढावी लागली असती. पण खरी अडचण पद्माची होती. आमच्या अकरा विद्यार्थ्यांत ती सगळ्यांत तेज. आईबरोबर घरी विड्या वळून तिची बोटं अशी तयार झाली होती, की मशीन मागे पडायचं. पुण्याच्या एका कंपनीत पंच ऑपरेटरची परीक्षा दीड महिन्यावर आली होती. अख्ख्या सोलापुरात सरावाला माझी ही दोनच मशिनं. हॉल गेला, की पद्मा परत विड्यांच्या सुपासमोर.

तिचे वडील मल्लय्यामामा मालकांच्याच कारखान्यात होते. चादरीवरचा मोर किंवा फूल मागावर कसं उमटतं? तर जकार्ड नावाच्या यंत्रावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथला दोरा उचलला जातो. हे पुठ्ठे, म्हणजे पत्ते, मल्लय्यामामा पाडायचे. पद्माला न्यायला ते पहिल्यांदा आले तेव्हा आमचं कार्ड उजेडाकडे धरून म्हणाले होते, "सर, हे तर आमच्या पत्त्याचं बारकं प्वार हाय की."

एकदा तर चुकलेलं भोक दिसताच त्यांनी पिशवीतून खळीचा डबा काढला. जकार्डवर भोक चुकलं, की ते कागदाचा तुकडा खळीनं चिकटवून बुजवत. मी ओरडलो, "मामा, आमची भोकं बुजवता येत नाहीत, यंत्र अडकतं. पुन्हा नवीन कार्ड पाडायचं."

"लई नाजूक दिसतंय तुमचं यंत्र," ते म्हणाले. पण तो डबा पुढंही कायम त्यांच्या पिशवीत असायचा.

सोमवारसाठी मी एक नाटक रचलं. मालकांच्या नावाची दोन पंच कार्डं करायची : नाव, वय, पुरुष की बाई, गाव. एक बरोबर आणि एकात एक भोक मुद्दाम चुकलेलं. मालक मागांच्या खडखडाटात वाढलेले. दोन पत्ते एकावर एक ठेवून उजेडात धरले, की चूक ते पकडणारच. आणि ज्या शास्त्रात आपण चूक काढली, त्याच्यावर माणसाचा जीव बसतो.

"सर, कुठलं भोक चुकवू?" पद्मानं विचारलं.

"कुठलंही. लहानसं."

इथं मी चुकलो. सगळी भोकं सारख्याच आकाराची असतात.

सोमवारी तिघे पंच आले. मामाही रजा टाकून दारात उभे होते. मालकांनी चारी कोपरे पाहिले.

"मास्तर, कॉम्प्युटर कुटं हाय?"

"पुण्याला."

"कधी गेला?"

"तो तिथंच असतो, मालक. आम्ही इथून त्याला पत्रं लिहितो."

"म्हणजे हे कॉम्प्युटर केंद्र न्हाय. पोस्टाची पेटी हाय."

दुसरे पंच तोवर वितीनं भिंत मोजू लागले होते. "मोठी पातेली हितं बसतील," ते म्हणाले.

मी घाईनं दोन्ही कार्डं पुढे केली. "मालक, हे आपलं पंच कार्ड. दोन प्रती आहेत. एकात खोट आहे, म्हणतात. आम्हाला काही सापडेना."

मालकांनी कार्डं जुळवली आणि खिडकीकडे धरली. एक डोळा मिटला.

"मल्लय्या, हिकडं ये. ह्या घरातनं उजेड का येईना?"

मामांनी पाहिलं. "पत्ता चुकलाय, मालक."

"चुकलाय की. मास्तर, हे सरळ सांगायचं की जकार्ड हाय म्हणून. उगं कॉम्प्युटर कॉम्प्युटर." स्वारी खूष. भिंत मोजणारी वीत थांबली. मी कार्डं तेव्हाच परत घ्यायला हवी होती.

"पण हे घर कशाचं?" मालकांनी विचारलं.

मी घरं मोजली. मग पुन्हा, सावकाश मोजली.

"इथं पुरुष असेल तर एकाचं भोक पाडतात. बाई असेल तर दोनाचं."

"मग हितं कितीचं हाय?"

"दोनाचं."

पद्मा मशीनकडे बघत होती. नंतर मी तिला झापलं तेव्हा म्हणाली, "सर, लहान चूक म्हणालात. एकाचं दोन. याहून लहान कुठली?"

शेवट गोड झाला. हॉल राहिला, आणि पुढं बरीच वर्षं राहिला. पुण्याची कोरी कार्डं मिळणं मुश्कील होतं. मालकांनी सरावासाठी कारखान्यातला पातळ पुठ्ठा मापात कापून द्यायला लावला. बरोबर निघालेलं पंच कार्ड त्यांनी फ्रेम करून गादीमागे टांगलं. पद्मा पास झाली, पुण्याला लागली. तिचं पहिलं पत्र आलं : 'कॉम्प्युटरच्या खोलीत फार थंडी आहे, एक चादर पाठवा.'

संस्था चालवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं : देणगीदाराला भाषण ऐकवू नका, त्याला एक चूक सापडू द्या. मात्र ती कुठली, हे आधी स्वतः बघून ठेवा.

हे सगळं माझ्या नाटकानं झालं नाही. झालं ते एका वाक्यानं. ते ऐकून मालक धपकन खुर्चीत बसले आणि उपरण्यानं डोळे पुसेपर्यंत हसले. मी 'दोनाचं' म्हणालो, तेव्हा मल्लय्यामामा पांढरेफटक पडून एकदा मालकांकडे, एकदा लेकीकडे बघत होते. त्यांचा हात पिशवीत गेला, डबा बाहेर आला, आणि ते म्हणाले,

"मालक, जरा दम धरा, खळ लावून आत्ता पुरुष करतो."