आधी शिवायचं, मग रंगवायचं

गेल्या आठवड्यात जव्हारच्या आमच्या शेडमध्ये मी रंगाईच्या मशीनचं झाकण उघडलं, पहिला शर्ट बाहेर काढला... आणि किंचाळलेच! रंग इतका झक्कास उतरला होता. नाचणीच्या भाकरीचा असतो ना, अगदी तो तपकिरी. ब्रँडवाल्यांनी त्याला काहीतरी फ्रेंच नाव दिलंय, पण आमच्याकडे नाचणीला नागली म्हणतात, म्हणून शेडमध्ये त्याचं बारसं कधीच झालंय... नागली कलर.

मग शर्ट अंगाला लावून बघितला आणि सगळा आनंद जागच्या जागी गार. लार्ज साइजचा शर्ट मला जेमतेम बसत होता!

थांबा, आधी आमचं काम काय ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कशावर एवढ्या उड्या मारतेय. एरवी कापड आधी रंगवतात, मग कापतात, मग शिवतात. आमचं सगळं उलटं... पांढऱ्या सुती कापडाचा शर्ट पूर्ण शिवायचा आणि मग अख्खा शर्ट गरम पाण्यात, रंगात, मीठ-सोड्यात घुसळून काढायचा. याला गारमेंट डाईंग म्हणतात. लग्नाआधी मी भिवंडीला एका डाईंगमध्ये कामाला होते, तिथे शिकले.

ब्रँडना हे का हवं असतं? अहो, उद्या लोकांना कुठला रंग आवडेल हे कुणाला ठाऊक! ढीगभर हिरवे शर्ट शिवून ठेवले आणि गिऱ्हाइकाने निळे मागितले, तर हिरव्यांचं काय लोणचं घालायचं? त्यापेक्षा पांढरे शिवून ठेवायचे आणि मागणी येईल तसे रंगवायचे. शिवाय कपडा मऊ पडतो, शिवणीपाशी रंग जरा हलका-गडद उतरतो आणि नवाकोरा शर्टसुद्धा अंगावर रुळल्यासारखा दिसतो... शहरात लोक त्यावर फिदा आहेत.

फक्त एक मेख आहे. गरम पाण्यात सुती कापड आटतं. म्हणून कापताना माप मुद्दाम मोठं धरायचं, म्हणजे आटल्यावर बरोबर बसतं. मी तसेच खाकी कागदाचे पॅटर्न कापून ठेवले होते आणि बाजाराचा दिवस म्हणून मोखाड्याला गेले होते.

कटिंग आमची कमळवहिनी करते. साखरशेतहून रोज जीपने येते, हात एकदम सफाईदार. तिला विचारलं तर ती उलट खुशीत... “बाय, तुजा माप चुकलेला. एवडा ढगळ कोन घालल? मी सगला मापात आनला. कापड पन वाचवला.”

बिचारीने माझी चूक पोटात घातली होती, कुणाला कळूही न देता! आमच्याकडे चिंधीसुद्धा गोधडीसाठी जपून ठेवतात. चांगलं कापड असं मोकळं सोडलेलं तिला कसं बघवणार?

मी कारण सांगितलं तसं तिचं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळच्या एसटीने हीच सॅम्पल ब्रँडकडे जायची होती, प्रत्येक साइजचा एकेक शर्ट. ती पास झाली तर वर्षभर काम... नाहीतर दिवाळीनंतर कमळवहिनीचं बिऱ्हाड वसईकडे वीटभट्टीवर, दरवर्षीसारखं. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

“माज्या हातानंच घालवला मी...” एवढंच म्हणाली आणि ओल्या शर्टांकडे बघत बसली. मला रडूच आलं, खरं सांगते.

शर्ट वाळवायला घेतले आणि माझी नजर कॉलरच्या आत गेली. लेबल नव्हतं! असणार कसं? लेबल आधी लावलं तर तेही रंगतं, म्हणून या कामात साइजचं लेबल सगळ्यात शेवटी लागतं. म्हणजे कुठला लार्ज आणि कुठला मीडियम, हे अजून ठरायचंच होतं की!

टेप घेतली... छाती, खांदा, बाही, उंची. लार्ज आटून नेमका मीडियम झाला होता आणि मीडियमचा स्मॉल! वहिनीने सगळे साइज अगदी सारख्याच इमानदारीने बारीक केले होते ना. आटलेला स्मॉल तिला स्वतःलाच फिट बसला, तो तिने ठेवून घेतला.

राहिला लार्ज, तो नव्याने शिवायला हवा होता. मी काही बोलायच्या आत वहिनी कात्री घेऊन उभी. या वेळी तिने पॅटर्नप्रमाणेच कापलं, पण तोंडाने “कापड जातंय, कापड जातंय” अखंड चालू... मला हसू आवरेना.

खरी धाकधूक तर पुढेच होती. नव्या शर्टचा रंग आधीच्यांशी तंतोतंत जुळायला हवा, नाहीतर सॅम्पल परत. शर्टाच्या वजनाप्रमाणे रंग, मीठ, पाणी सगळं मोजून घातलं, वेळही तीच धरली. झाकण उघडताना मी डोळेच मिटून घेतले. वहिनीने शर्ट काढला, आधीच्या शेजारी धरला आणि म्हणाली, “नागलीच!”

पुढे इस्त्री, लेबलं, पॅकिंग... आणि धावत जाऊन एसटी गाठली. कशी गाठली ते विचारू नका, चप्पल शेडमध्येच राहिली होती.

काल फोन आला... सॅम्पल पास! रंग मागाहून कळवतील, तोवर पांढरे शिवत राहा म्हणाले. मी शेडभर नाचले, लाज वाटून काय करायचं!

वहिनी मात्र शांत होती. भट्टीचा मुकादम पाड्यावर येऊन गेला म्हणाली. त्याला चहा पाजला आणि सांगितलं, “यंदा आमी नाय.” एवढं सांगून ती पुन्हा कापड अंथरायला लागली.

ज्याचे मानायचे त्याचे आभार... मी तर सगळ्यांचेच मानतेय. यंदा दिवाळीनंतर कमळवहिनीच्या दाराला कुलूप लागणार नाही.